चिनी सुई, नागपुरी संत्रं आणि आईचा आखडलेला खांदा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मधेच खिडकीतून आलेली भाजीवाल्याची हाक काढून टाकली आहे. बाकी जसं बोलले तसंच.)

आजचा विषय आहे चिनी वैद्यक. अॅक्युपंक्चर, अॅक्युप्रेशर, कपिंग, ‘ची’, यिन-यांग वगैरे. रील्समध्ये तुम्ही हे सगळं पाहिलेलं असतं. कोणीतरी हाताचा अंगठा दाबतं आणि म्हणतं, डोकेदुखी ३० सेकंदात गायब. खरं किती, खोटं किती, आणि आपल्या नागपूरच्या पोराबाळांचा याच्याशी संबंध काय, ते आज बोलू.

माझा संबंध आईच्या खांद्यामुळे आला.

मागच्या पावसाळ्यात आईचा उजवा खांदा आखडला. आधी नुसता दुखायचा, मग हात वरच जाईना. वेणी घालता येईना, वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढता येईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, फ्रोझन शोल्डर. व्यायाम करा, वेळ लागेल. आई व्यायामाला कंटाळली. म्हणाली, “मले नाही होत बाप्पा ते भिंतीवर बोटं चढवणं.” तेवढ्यात शेजारच्या काकू तिला एका ‘मोफत शिबिरा’त घेऊन गेल्या. तिथे पायाखाली थरथरणारं एक मशीन होतं. १५ दिवस फुकट बसायचं, सोळाव्या दिवशी मशीन विकत घ्यायचं. आईने घेतलं. किंमत सांगत नाही, बाबा हा पॉडकास्ट ऐकतात.

खांदा काही सुटला नाही. मग ओळखीतून एका अॅक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्या एमबीबीएस आहेत, नंतर अॅक्युपंक्चर शिकलेल्या. मला वाटलं, आता जीभ बघतील, नाडी बघतील. बघितलीही. पण त्यांचा पहिला प्रश्न होता, “साखर किती आहे?”

आई गप्प. मग हळूच बोलली, “गोळी अर्धीच घेते आता. त्या शिबिरातला मुलगा म्हणे, मशीनने साखर आपोआप उतरते, गोळ्या हळूहळू बंद करा.”

मी तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या थंड पडले. महिना झाला होता आणि घरात कोणालाच पत्ता नव्हता. तपासणी केली, साखर भलतीच वर गेलेली. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. म्हणजे ज्या दुखण्यासाठी ती गेली, त्याच्या मुळाशी असू शकणारा आजार त्याच नादात वाढला. डॉक्टर बाईंनी सुयांची पेटी उघडलीच नाही त्या दिवशी. म्हणाल्या, “आधी साखर, मग सुई.”

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. मला दोन्हीकडचे लोक भेटले. एक म्हणतात हे सगळं थोतांड. दुसरे म्हणतात पाच हजार वर्षांचं ज्ञान आहे, प्रश्न विचारायचे नाहीत. मला दोघांचंही पटलं नाही.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या घरचा आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस तुम्हाला ऐकून माहीत असतील. सोलापूरचे, जन्म १० ऑक्टोबर १९१०. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा चीनकडून भारताकडे डॉक्टरांची मागणी आली. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते, नेहरूंनी पुढाकार घेतला आणि १ सप्टेंबर १९३८ ला पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने निघालं. प्रमुख डॉ. अटल, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस आणि पाचवे... हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं... आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर!

या पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘हुआ’ होतं. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचं झालं ‘क दिहुआ’. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचलं. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी परतले. कोटणीस थांबले. १९४१ मध्ये ते तिथल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले, त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. पोरगं काही महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, कोटणीस फिट्सच्या आजाराने गेले. वय ३२. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर १९४६ साली सिनेमा काढला, तो आजोबांना विचारा.

आता इथे एक गैरसमज आहे, तो काढून टाकते. बऱ्याच अॅक्युपंक्चर दवाखान्यांच्या भिंतीवर कोटणीसांचा फोटो असतो, लुधियानात तर त्यांच्या नावाचं अॅक्युपंक्चर रुग्णालयच आहे. म्हणून लोकांना वाटतं, कोटणीस चीनमध्ये सुया टोचायला शिकले. तसं नाही. ते शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते, मुंबईच्या जी. एस. मेडिकलचे. युद्धात जखमी सैनिकांचे हातपाय वाचवणं हे त्यांचं काम. अॅक्युपंक्चर भारतात आणलं ते त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजोय कुमार बसूंनी. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले, ही पद्धत शिकले आणि कलकत्त्यात परत येऊन उपचार सुरू केले. मित्राच्या नावाने समिती चालवली, त्या नावाखाली ते वाढवलं. म्हणून फोटो कोटणीसांचा आणि सुई बसूंची.

बरं, ही पद्धत म्हणते काय? मुळात शब्द आहे ‘ची’. जुन्या चिनी लिपीत हे अक्षर कसं लिहितात माहितीये? वर वाफ आणि खाली तांदूळ. म्हणजे भात शिजताना वर येते ना, ती वाफ. दिसते, हाताला लागते, पण मुठीत धरता येत नाही. शरीरात ही ची ठरलेल्या वाटांनी फिरते, अशी कल्पना. मुख्य वाटा १२, शिवाय शरीराच्या मध्यरेषेवर पुढून एक, मागून एक. या वाटांवर एकूण ३६१ ठाणी, म्हणजेच पॉइंट्स. रस्ता तुंबला की दुखणं. सीताबर्डीवर संध्याकाळी सहाला काय होतं ते डोळ्यांसमोर आणा, कल्पना लगेच समजेल. सुई टोचायची म्हणजे चौकात ट्रॅफिक पोलीस उभा करायचा.

यिन आणि यांग हे आपल्या लोकांना समजवायलाच लागत नाही. यिन थंड, सावली, रात्र, स्थिर. यांग उष्ण, ऊन, दिवस, हालचाल. आपल्या प्रत्येक आजीकडे ही यादी तयार असते. पपई उष्ण, काकडी थंड, आंबा खाल्ला तर वर दूध पी. तोंड आलं की आपण म्हणतो ‘उष्णता झाली’. चिनी माणूस म्हणतो ‘शांगहुओ’, म्हणजे आग वर चढली. उपायही भावकीतलेच. तिकडे उन्हाळ्यात हिरव्या मुगाचं पातळ पाणी पितात, आपल्याकडे कैरीचं पन्हं, सब्जा आणि गुलकंद.

एक फरक मात्र आहे. आपली पंचमहाभूतं म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांची पाच तत्त्वं म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. वायू नाही, आकाश नाही. त्यांचं चक्र आहे, पदार्थ नाहीत. लाकडातून आग, आगीतून राख-माती, मातीतून धातू, असं एकातून दुसरं जन्मतं. त्यामुळे जे लोक ‘आयुर्वेद आणि चिनी वैद्यक एकच’ म्हणतात ते घाईत असतात.

आणि ‘पाच हजार वर्षं जसंच्या तसं’ हेही घाईतलं. मूळ ग्रंथ, ‘पीत सम्राटाचा आंतरवैद्यक ग्रंथ’ म्हणू आपण, सुमारे २ हजार वर्षांपूर्वीचा. मधे तर असं झालं की १८२२ मध्ये चिनी सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून अॅक्युपंक्चर काढूनच टाकलं. आज जे शिकवलं जातं त्याची घडी बरीचशी १९५० च्या दशकात बसली, जेव्हा नव्या सरकारने या वैद्यकाची महाविद्यालयं काढली, अभ्यासक्रम ठरवला. म्हणजे आपण ज्याला प्राचीन म्हणतो त्याचं पाठ्यपुस्तक आपल्या आजोबांच्या वयाचं.

मग काम करतं का?

शरीर उघडून पाहिलं तर त्या १२ वाटा सापडत नाहीत. नस, धमनी, लसिका सापडतात. चीची नळी नाही. हे सरळ मान्य करायचं. पण वाट सापडली नाही म्हणून टोचण्याचा परिणामच नाही, असं होत नाही. जुनाट कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांवर झालेल्या चाचण्यांमधल्या जवळपास २१ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये एक मोठं विश्लेषण आलं. त्यात दिसलं काय? काहीच न करण्यापेक्षा किंवा नेहमीच्या उपचारापेक्षा सुईने बराच फरक पडतो. पण खोट्या सुईशी तुलना केली, म्हणजे भलत्याच जागी किंवा नुसतं टोचल्यासारखं केलं, तर फरक उरतो पण लहान. याचा अर्थ मी असा लावते की नेमका पॉइंट महत्त्वाचा असेलही, पण त्याहून जास्त काम टोचण्याचं, अर्धा तास शांत पडून राहण्याचं आणि कोणीतरी नीट ऐकून घेण्याचं आहे. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात हो माणसाला.

शस्त्रक्रियेनंतरची आणि केमोथेरपीची मळमळ, हेही एक क्षेत्र जिथे पुरावा बरा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी १९९७ मध्येच तसं म्हटलं होतं. मधुमेह, थायरॉइड, बीपी, कॅन्सर ‘मुळापासून बरा’ करण्याचा पुरावा मात्र नाही. जो हे सांगतो त्याच्याकडून उठून या. चप्पल घालायला विसरू नका फक्त.

इथे एक प्रसिद्ध किस्सा. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला गेले असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. त्यांनी त्यावर लिहिलं आणि अमेरिकेत सुयांची लाट आली. सगळे सांगतात, त्यांचं ऑपरेशन भूल न देता सुयांवर झालं. चूक. ऑपरेशन नेहमीच्या भुलीचं इंजेक्शन देऊन झालं, सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून दुखत होतं तेव्हा. सुया टोचलेल्या माणसाने स्वतः नीट लिहून ठेवलेली गोष्ट लोकांनी इतकी फुगवली, तर व्हॉट्सअॅपवरच्या गोष्टीचं काय होत असेल!

आता तुमच्या कामाचं. मळमळीसाठी जो पॉइंट वापरतात त्याचं नाव नेईग्वान. डाव्या हाताच्या मनगटाची घडी बघा. तिच्यावर उजव्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा, कोपराच्या दिशेने. तिसऱ्या बोटाच्या पलीकडे, मधल्या दोन दोरखंडासारख्या शिरांच्या (खरं तर स्नायुबंधांच्या) मधे अंगठ्याने दाबा. कळ लागेल इतकं नाही, जड वाटेल इतकं. दोन-तीन मिनिटं. चिखलदऱ्याच्या घाटात मी हे स्वतःवर करते. गाडी लागण्याबाबत संशोधन उलटसुलट आहे, पण खर्च शून्य आणि तोटा नाही. लिंबू चघळतो ना आपण, तसंच.

आणि हे माप लक्षात आलं का? स्वतःच्या बोटांचं. चिनी ‘त्सुन’ म्हणजे त्या त्या माणसाच्या अंगठ्याची रुंदी. आपल्या वैद्यकातलं ‘अंगुळ’ तेच. उंच माणसाचं माप वेगळं, बुटक्याचं वेगळं. पट्टी घरीच, हाताला लावलेली. मला हे फार आवडलं.

दुसरा पॉइंट रील्सवाला, अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग. डोकेदुखीला दाबतात. दाबा, पण गरोदर बाईने हा पॉइंट दाबू नये असं त्याच परंपरेत सांगितलंय, आणि रीलमध्ये ते कधीच सांगत नाहीत.

बगिच्यातले गोटे लावलेले अॅक्युप्रेशर ट्रॅक तुम्ही पाहिले असतील. सकाळी काका लोक त्यावर अनवाणी चालतात, मधे टाळ्या वाजवतात. तुमचे पाय निरोगी असतील तर मजा आहे. पण घरातल्या कोणाला बरीच वर्षं साखर असेल तर त्यांना तिथे अनवाणी पाठवू नका. पायाची संवेदना कमी झालेली असते, गोटा टोचला तरी कळत नाही, जखम होते, चिघळते. माझ्या आईला मी पहिल्यांदा रागावले ते यावरून.

कपिंगचं सांगते. २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या पाठीवर जांभळे गोल दिसले आणि नागपूरच्या जिममध्येही ती फॅशन आली. आजीला फोटो दाखवला तर म्हणाली, “काय बे, ही तं तुंबडी!” बरोबर आहे तिचं. आपल्याकडे शिंग किंवा भोपळ्याची तुंबडी लावून हवा ओढायचे, रक्तही काढायचे. चिनी लोकांनी बांबू वापरला, काच वापरली, तत्त्व तेच. कातडीखाली रक्त साकळतं म्हणून जांभळा डाग, ‘विष बाहेर आलं’ म्हणून नाही. कोरडं कपिंग पाठदुखीला काहींना बरं वाटतं. चीर देऊन रक्त काढणारं कोणी सांगितलं तर ब्लेड कोणतं, भांडं उकळलं का, हे विचारा. आणि स्वतःची तुंबडी भरणारे इथेही आहेतच.

जाळून शेकण्याची एक पद्धत आहे, मोक्सा. एका झाडाची वाळलेली पानं कापसासारखी करून, कांडी पेटवून पॉइंटजवळ धरतात. ते झाड म्हणजे आपल्या दवण्याचं भावंड! जोतिबाला वाहतात तो दवणा, त्याच कुळातलं. कांडी अंगापासून दूर धरून ऊब घेणं वेगळं आणि कातडीला चटका वेगळा. मला हे बोलावंच लागतं, कारण आपल्या विदर्भात, मेळघाटात, पोट फुगलेल्या तान्ह्या लेकराच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात. डंबा म्हणतात त्याला. त्यात लेकरं दगावलेली आहेत. ‘प्राचीन’ हा शब्द ऐकला की मला दोन्ही चित्रं दिसतात.

आणि याच दवण्याच्या कुळातली पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची होती.

१९६७ मध्ये चीनने मलेरियावर औषध शोधायचा गुप्त प्रकल्प काढला. २३ मे ला सुरू झाला म्हणून नाव ‘५२३’. त्यात थू योयो नावाच्या बाई होत्या, पारंपरिक औषधांच्या संस्थेतल्या. डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही. त्यांच्या गटाने जुन्या पोथ्यांतले शेकडो नुस्खे चाळले. छिंगहाओ नावाची वनस्पती, म्हणजे आर्टेमिसिया, कधी गुण द्यायची, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या ग हाँग या वैद्याच्या पुस्तकात त्यांना एक बारीक गोष्ट दिसली. तिथे काढा करा असं नव्हतंच. मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या, असं होतं. उकळण्याचं नाव नाही! बाईंना वाटलं, उष्णतेने औषध मरत असेल. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं इथर वापरून अर्क काढला. १९७१ मध्ये तो उंदरांवर आणि माकडांवर पूर्ण चालला. मग माणसावर देण्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः पिऊन पाहिला. त्यातून मिळालं आर्टेमिसिनिन. २०१५ चं नोबेल.

आता चला गडचिरोलीला. नागपूरपासून बसने चारेक तासांवर. भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागात फाल्सिपेरम मलेरिया म्हणजे मेंदूत ताप जाणारा, जीव घेणारा. तिथली आशाताई बोटाला टोचून किटवर तपासते आणि ज्या गोळ्यांचं पाकीट देते, वयानुसार वेगवेगळ्या रंगाचं, त्यातली एक गोळी आर्टेसुनेट. थू योयोंच्या शोधातूनच निघालेली. रुग्ण गंभीर असेल तर दवाखान्यात त्याचंच इंजेक्शन. ग हाँगच्या पोथीतली ओळ सोळाशे-सतराशे वर्षांनी गोंडी बोलणाऱ्या एखाद्या पोराच्या शिरेत जाते. चिनी वैद्यकाने विदर्भाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही. सुई नाही.

पण नीट बघा, पोथी जशीच्या तशी नाही चालली. पोथीने दिशा दिली, मग प्रयोग झाले, मात्रा ठरली, जोडीला दुसरं औषध दिलं गेलं, कारण एकट्या आर्टेमिसिनिनला जंतू सरावतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना या पाल्याचा चहा पिऊन मलेरिया बरा करायला नको म्हणते. आणि म्हणूनच तीन दिवसांचा कोर्स ताप उतरला तरी पूर्ण करायचा असतो.

‘झाडपाला आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणणाऱ्यांसाठी उलटी गोष्ट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या चिनी वनौषधींच्या गोळ्या बायकांनी घेतल्या. त्यात चुकून अॅरिस्टोलोकिया नावाची वनस्पती गेली. शंभराच्या आसपास बायकांच्या किडन्या खराब झाल्या, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. या कुळातली एक वेल, ईश्वरी, आपल्याकडेही उगवते. त्यामुळे इन्स्टावरून मागवलेला चिनी ‘स्लिमिंग टी’ उघडण्याआधी पुडक्यावर काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर पिऊच नका.

कायद्याचं थोडक्यात. केंद्राने २००३ मध्ये अॅक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने २०१५ चा वेगळा कायदा केला, नोंदणीसाठी परिषद आहे. म्हणून जाताना नोंदणी विचारा, लाजू नका. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून फोडली पाहिजे आणि वापरून फेकली पाहिजे. छातीच्या, पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, हे दुर्मीळ पण खरं आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

आणि नागपूरकर म्हणून एक. उन्हाळ्यात ४५-४६ डिग्रीला कोणी भोवळ येऊन पडलं, बरळायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर कुठलाही पॉइंट दाबत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. डाव्या हातात-छातीत कळ, तोंड वाकडं होणं, यांनाही हाच नियम.

गोड शेवटाकडे येते. चिनी औषधांच्या दुकानात एक बरणी हमखास असते, चेनपी. संत्र्याची वाळवलेली साल. ‘चेन’ म्हणजे जुनी. निदान तीन वर्षं मुरवतात. क्वांगतुंग प्रांतातल्या शिनहुई गावची साल सगळ्यात नावाजलेली, जितकी जुनी तितकी महाग. पोट गच्च होणं, कफ, यासाठी चहात किंवा वरणासारख्या पदार्थात टाकतात. वनस्पतिशास्त्रात ते फळ कोणतं? सिट्रस रेटिक्युलाटा. आणि आपलं नागपुरी संत्रं? सिट्रस रेटिक्युलाटा! वाण वेगळा, जात तीच. सुटी साल, पटकन सोलली जाणारी. २०१४ मध्ये आपल्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरातच आहे, आणि आपण साल काय करतो? फेकतो. फार तर आजी वाळवून उटण्यात घालते.

मी मागच्या आंबिया बहारात दोन किलोची साल वाळवली. फळं ओळखीच्या शेतकऱ्याकडची घेतली, फवारणी कधीची ते विचारून, आणि कोमट पाण्यात चोळून धुतली. हे करा, कारण औषध सालीवरच बसतं. आतला पांढरा भाग थोडा खरवडला, गच्चीवर पाच दिवस ऊन दिलं, काचेच्या बरणीत भरली. चहात एक तुकडा टाकला की वास असा सुटतो की संत्रा बर्फी आठवते. पोटाला काय होतं ते माहीत नाही, मला आवडतो म्हणून पिते.

आईचं विचारताय ना? गोळी पूर्ण चालू आहे, साखर खाली आली. मग डॉक्टर बाईंनी आठ वेळा सुया टोचल्या. केसाएवढ्या बारीक, आईला पहिल्या वेळी टोचलेलं कळलंच नाही, नंतर तिथे जडजड वाटलं म्हणाली. त्या चिनी भाषेत याला ‘ची आली’ म्हणतात. दुखणं कमी झालं, झोप लागायला लागली, आणि दुखणं कमी झालं म्हणून ती भिंतीवरचा व्यायाम करायला लागली. आता सुईने सुटला, व्यायामाने सुटला, साखर उतरल्याने सुटला, की फ्रोझन शोल्डर तसाही वर्ष-दोन वर्षांत सैल होतो म्हणून सुटला? मी डॉक्टर बाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मलाही नक्की सांगता नाही येणार.” त्या दिवशी माझा त्यांच्यावर खरा विश्वास बसला.

परवा आईने स्वतः हात वर करून वरच्या फळीवरचा डबा काढला. त्याच्या जागी माझी सालीची बरणी ठेवली, तारीख लिहून. तीन वर्षं उघडू नको म्हणाली. ते थरथरणारं मशीन पलंगाखाली आहे, कोणाला हवं असेल तर मेसेज करा. बाबांना सांगू नका.